शेती: नाइलाज की निवड?

'तरुणांनो, शेतीकडे वळा' हा उपदेश सध्या फार ऐकू येतो. तो करणारे बहुतेक माझ्यासारखे, महिन्याच्या महिन्याला पेन्शन घेणारे. म्हणून आधी एक प्रश्न विचारू या. दुसऱ्याला शेती कर म्हणून सांगण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो?

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आता उलटी झाली, असं आपण खेदानं म्हणतो. पण गणित बघा. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आलं. म्हणजे साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. आजोबांचा संसार ज्यावर चालला, त्याच्या एक तृतीयांशात नातवाचा कसा चालायचा?

तत्त्वज्ञानात आपण निवड आणि नाइलाज यांत फरक करतो. चार-पाच वर्षं अभ्यासिकेत काढली, पद मिळालं नाही, वय निघून गेलं आणि मुलगा गावी परतला, तर तो नाइलाज. निवडीला काही अटी लागतात. मला तीन दिसतात.

पहिली अट पाण्याची. जालना जिल्ह्यातलं कडवंची घ्या. नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तिथं माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली. शेततळी आणि द्राक्षबागा त्यानंतर आल्या. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळत होत्या, तेव्हा कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. क्रम लक्षात घ्या: आधी माती अडवली, पाणी मुरवलं, मग नगदी पीक. नुसतं शेततळं खोदून ते विहीर उपसून भरलं, तर शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी आपल्या प्लास्टिकवर आलं, एवढंच. आणि हा विचार नवा नाही बरं का. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये १८८३ सालीच बांध-बंधाऱ्यांचा आणि शेतकऱ्याच्या शिक्षणाचा आग्रह धरला होता.

दुसरी अट बाजाराची. सव्वातीन एकरवाला एकटा बाजारात गेला की भाव दुसराच ठरवतो. २००२ च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीला जागा मिळाली. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची 'सह्याद्री' याच वाटेनं उभी राहिली. तिचे विलास शिंदे कृषी अभियांत्रिकी शिकलेले आहेत. द्राक्षाची निर्यात, टोमॅटोवर प्रक्रिया, हे काम एकट्यादुकट्याचं नाही. शिकलेल्या मुलाचं शिक्षण शेतीत वाया जातं म्हणणाऱ्यांनी मोहाडी जरूर पाहावी.

तिसरी अट घराची. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, अशी तक्रार गावोगाव आहे. दोष मुलींना देतात. पण मुलीच्या जागी उभं राहून बघा. निंदणी-खुरपणी तिनं करायची, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नाही! शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला महिला अधिवेशन घेतलं आणि पुढं 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेत नवऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं. शरद जोशींचा हा मुद्दा आजही अपुराच राहिलाय. शेतीकडे तरुण वळावेत म्हणताना तरुणी त्यात धरल्यात का, हे तपासायला हवं.

मग तरुणांना काय सांगायचं? माझं सांगणं थोडं आहे. पहिलं एक वर्ष वही ठेवा. बियाणं, खत, फवारणी तर लिहाच, पण स्वतःची आणि घरच्यांची मजुरीही खर्चात धरा. ती न धरता दिसणारा नफा बऱ्याचदा आपलाच घाम असतो. कृषी विज्ञान केंद्रात जाऊन मातीपरीक्षण करून घ्या. आणि उत्पन्नाचं दुसरं एखादं साधन पहिल्याच वर्षी तोडू नका.

पालकांना मात्र एक विनंती. तिशीतला मुलगा शेतात राबतो आणि कोणतं पीक घ्यायचं ते सत्तरीतले वडील ठरवतात, तेव्हा तो मुलगा शेतकरी नसतो, घरचा सालगडी असतो. मुलाला किंवा मुलीला एक एकर तोडून द्या. पीक त्यांचं, हिशेब त्यांचा, नुकसानही त्यांचं. निर्णय हातात आला, की शेती ही त्यांची निवड होईल. एवढं करू, मग उपदेशाला उभे राहू.