मकातीतला मका

शनिवारची सकाळ, आठ-साडेआठचा सुमार. मनिला महानगरातल्या मकातीच्या साल्सेडो व्हिलेजमधलं बाग म्हणून राखलेलं मैदान तंबूंनी भरून गेलंय. भोवती काचेच्या उंच इमारती, मध्ये कोळशाचा धूर. अख्खं डुक्कर बांबूवर भाजून आणलंय आणि सुरीच्या पात्यानं त्याची साल कडाकडा फुटतेय. वहिनी ओढणी नाकाशी धरून त्या तंबूला लांबून वळसा घालतात.

मनिलात शाकाहारी माणसाचे हाल कुत्रा खात नाही, असं वहिनी म्हणतात, आणि कारणही दाखवून देतात. समोरच्या तंबूतल्या पोरीला त्या विचारतात, "यात मीट आहे का?" ती हसून मान हलवते. "नो मॅम, नो मीट. हॅम ओन्ली." पोरीच्या बोलण्यात लबाडीचा लवलेश नाही, हाच खरा त्रास. म्हणून इथली भारतीय कुटुंबं घराबाहेर जेवायचं म्हटलं की मेक्सिकन पाटी शोधतात. शिजवलेल्या भाजीइतक्या साध्या गोष्टीतही मासळीची पेस्ट निघू शकते अशा शहरात राजम्याच्या जातीच्या घेवड्याचे दाणे, भात, चीज आणि मिरची एका ताटात मिळणं ही चैनच. माझा मित्र, म्हणजे वहिनींचा नवरा, अमेरिकेच्या वेळेनं काम करतो, तो आत्ता कुठे झोपलाय. त्यामुळे आजच्या शोधमोहिमेत आम्ही चौघं: वहिनी, त्यांचा मुलगा, मी आणि शेजारच्या बाई. बाई मूळच्या पाम्पांगा प्रांताच्या. मुलगा त्यांना तीता म्हणतो, मावशी-आत्याला म्हणतात तसं. मग मीही तीताच म्हणतो.

"मेक्सिकन हवंय ना?" तीता विचारतात. "मग संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं?"

त्या आम्हाला कोपऱ्यातल्या एका तंबूकडे नेतात. टेबलावर केळीच्या पानाची चौकोनी पुडकी रचलेली, दोऱ्यानं बांधलेली, वाफ अजून जिरलेली नाही. पाटीवर लिहिलंय: तमालेस. तीता दोरा सोडतात. आत दोन रंगांचा मऊ गोळा आहे, खाली पांढरा, वर शेंदरी. त्यावर खारवलेल्या अंड्याची चकती, कोंबडीचा तुकडा, हॅमची पट्टी. वहिनी एक पाऊल मागे सरकतात. मी चमचा घालतो. नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा आधी लागतो, मग भाजलेल्या दाण्याचा कूट, शेवटी अंड्याचा खारटपणा. मेक्सिकोतल्या तमालेसचा जीव असलेल्या मक्याचा इथे एक कणही नाही. सगळं तांदळाचं पीठ.

शेंदरी रंग कशाचा, असं विचारल्यावर विक्रेतीण टेबलाखालून बरणी काढते. आत तांबडे, तिकोनी, खडबडीत दाणे. आपल्याकडे शेंद्रीचं झाड म्हणतात त्याच्या बिया. कोमट तेलात घातल्या की तेल तांबडं होतं, बिया फेकून द्यायच्या. ती एक दाणा माझ्या बोटावर चोळते आणि बोट दिवसभरासाठी रंगतं.

हे झाड अमेरिका खंडातलं. तिथून ते या बेटांवर आलं गलबतांनी. 1565 पासून 1815 पर्यंत, अडीचशे वर्षं, मनिला आणि मेक्सिकोचं आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं जात-येत होती. इथून चिनी रेशीम आणि पोर्सेलीन जायचं, तिकडून चांदी यायची. एवढंच काय, स्पेनचा राजा फिलिपाइन्सचा कारभार मेक्सिकोतल्या आपल्या व्हाइसरॉयमार्फत बघायचा. खलाशी, सैनिक, पाद्री, स्वैपाकी असे सगळे त्याच डेकवरून उतरले. त्यांच्याबरोबर कोको उतरला, मका उतरला, रताळी उतरली. मेक्सिकोत आजही एका लोकप्रिय आंब्याचं नाव मनिला आहे. तेव्हा 'मनिलात चांगलं मेक्सिकन कुठे मिळतं' या प्रश्नाला तीतांचं उत्तर केळीच्या पानात बांधलेलं आहे. वहिनींच्या उपयोगाचं नाही, एवढंच.

पुढे भाजीचा तंबू लागतो. वहिनी बोटाच्या पेराएवढ्या, आकाशाकडे तोंड केलेल्या मिरच्या उचलतात. सिलिंग लाबुयो. भाजीवाला घाबरून सांगतो, "मॅम, व्हेरी स्पायसी." वहिनी एक मिरची दातांनी तोडून बघतात, मान डोलावतात आणि पावभर बांधायला सांगतात. भाजीवाला शेजारच्याला हाक मारून हा प्रकार दाखवतो.

मला याचं नेहमी नवल वाटतं. मिरची मेक्सिकोची, आणि मनिलाला मेक्सिकोहून थेट जहाज. तरी तिखटाशी या शहराची सोयरीक जुळलीच नाही. बिकोलसारखा एखादा प्रांत सोडला तर मिरची इथे ताटाच्या कडेला, व्हिनेगरच्या वाटीत तरंगत राहिली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या हातून, आडवळणानं, गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि तिनं सगळं स्वैपाकघर ताब्यात घेतलं. आता तिच्याशिवाय ठेचा, तांबडा रस्सा, झणझणीत मिसळ यांची कल्पना तरी करता येते का? मनिलातल्या मेक्सिकन हॉटेलातली चटणी मराठी जिभेला गोडसर लागते ती यामुळे. तिथला स्वैपाकी गिऱ्हाइकांच्या जिभेला जपतो.

दुपारी मुलाचा हट्ट: पास्ता. जॉलिबीच्या दाराशी मोठी लाल मधमाशी शेफच्या टोपीत उभी आहे आणि लहान मुलं तिच्या पोटाला मिठ्या मारतायत. 1975 साली केसोन सिटीत आइस्क्रीमचं दुकान म्हणून सुरू झालेली ही साखळी आज जगभर पसरलीय. आत भयंकर गर्दी. कुणाचा तरी वाढदिवस चालू आहे.

स्पगेटी येते. लालभडक, वर किसलेलं पिवळं चीज, मध्ये हॉटडॉगच्या चकत्या. वहिनींचा मुलगा सगळं खातो, आईच्या डोळ्यांदेखत खातो. मी त्याच्या ताटातला एक घास घेतो. गोड! चवीपुरती साखर नव्हे, चांगली गोड. हाच प्रकार इटालियन माणसापुढे ठेवला तर तो उठून जाईल. पण आजूबाजूची माणसं ज्या समाधानानं खातायत ते बघितलं की इटालियन माणसाला विचारतंय कोण, असंच वाटतं.

तीता टेबलावरची केचपची पुडी फाडतात. इथल्या घराघरात टोमॅटोच्या जोडीला केळ्याचं केचप असतं. केळी, व्हिनेगर, साखर, मसाला आणि लाल रंग. याचं श्रेय दिलं जातं मारिया ओरोसा या अन्नशास्त्रज्ञ बाईंना. अमेरिकेत शिकून त्या मायदेशी परतल्या होत्या. देशात पिकतं त्यातूनच डबाबंद आणि टिकाऊ पदार्थ करायचे हा त्यांचा ध्यास. टोमॅटोची वानवा, केळी रग्गड. 1945 च्या फेब्रुवारीत मनिलाच्या लढाईत तोफांच्या माऱ्यात त्या गेल्या. शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

1898 पासून 1946 पर्यंत इथे अमेरिकेचं राज्य होतं, मधली जपानी वर्षं वगळता. त्या काळात शाळांमधून इंग्रजीबरोबर अमेरिकन स्वैपाकही शिकवला गेला. डब्यातलं मांस, हॉटडॉग, मॅकरोनी सॅलड हे सगळं इथल्या आज्यांच्या हातचं जेवण आहे. सणाला तेच होतं, पाहुणे आले की तेच होतं. 'वेस्टर्न' म्हणून वेगळं काढावं तर घरातली निम्मी कपाटं रिकामी होतील. बीजीसी या नव्या व्यापारी भागाच्या चकचकीत रस्त्यांवर लाकडाच्या भट्टीतला पिझ्झाही मिळतो, उत्तम मिळतो, पण तो खाताना आपण मनिलात आहोत याची काही खूण पटत नाही. मला ही गोडमिट्ट स्पगेटी जास्त पटते. सगळी मात्र खाववत नाही. वहिनी पीच-मँगो पायवर दुपार काढतात.

चारच्या सुमाराला पाऊस कोसळतो आणि जसा आला तसा थांबतो. सोसायटीच्या गल्लीत घंटीचा आवाज. सायकलच्या मागे दोन मोठे डबे बांधलेला एक म्हातारा उभा आहे. तीता गॅलरीतूनच ओरडतात, "बिनातोग!" आणि आम्हाला खाली पिटाळतात.

पहिल्या डब्याचं झाकण उघडताच वाफेचा लोट. आत पांढऱ्या मक्याचे टपोरे दाणे, फुगून फुटायच्या बेतात आलेले. दुसऱ्या डब्यात ओला खोवलेला नारळ. म्हातारा पेल्यात दाणे घालतो, वर नारळ, मग मीठ की साखर म्हणून भुवया उंचावतो. वहिनी मीठ सांगतात, एक चमचा खातात आणि तिथेच रस्त्यावर उभ्या राहून पेला संपवतात. आजच्या दिवसात पहिल्यांदाच कुणाला काही विचारावं लागलं नाही.

दाण्याला साल नाही. मी म्हाताऱ्याला विचारतो, साल कशी काढतोस? तो म्हणतो, "अपोग." तीता सांगतात, अपोग म्हणजे चुना. विड्याच्या पानाला लावतात तोच.

आणि मला एकदम हुरूप येतो, कारण मेक्सिकन जेवणाचा सगळा पाया नेमका हाच आहे. तिथे वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर मुरवतात, सकाळी चोळून साल काढतात आणि ओलाच दळतात. चुन्यामुळे त्या पिठाला चिकटा येतो, नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं, आणि तो एक विशिष्ट खमंग वासही येतो. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापून बघा. कडा फुटतात, उचलताना मोडते. चुन्याच्या मक्याची टॉर्टिया मात्र पातळ होते, दुमडते, फाटत नाही. युरोपानं मका नेला, चुना नेला नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या इटली-स्पेनच्या गरीब शेतकऱ्यांना पेलाग्रा या नायसिनच्या अभावाच्या रोगानं गाठलं. मनिलात मका आला, चुना इथे होताच, सायकलवरच्या डब्यात दोघांची गाठही पडलीय. टॉर्टिया तेवढी कुणी केली नाही. भात असताना करणार कोण म्हणा.

संध्याकाळी पोब्लासियोन. मकातीचा हा सगळ्यात जुना भाग. डोक्यावर तारांची जाळी, खाली ट्रायसिकलींचा कलकलाट, दर चार दारांमागे एक बार. वाटेत सतराव्या शतकातलं सेंट पीटर आणि सेंट पॉलचं चर्च लागतं. आत वेदीवरची मारियेची मूर्ती 1718 साली आकापुल्कोहून आली. तीता उंबऱ्यातूनच क्रूसाची खूण करतात आणि घाई करतात, उशीर झाला तर जागा मिळत नाही.

टाकेरिया म्हणजे रस्त्याला उघडा गाळा आणि प्लास्टिकची स्टुलं. तव्यापुढे एक मुलगी बसलीय. लिंबाएवढा गोळा घेते, प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवते, लोखंडी प्रेसची दांडी दाबते, तव्यावर टाकते. टॉर्टियाला पहिले डाग पडतात, ती उलटते, मधोमध फुगते. तितक्यात पुढचा गोळा तयार. मी वाकून वास घेतो. मक्याचा आहे, पण दबका, पाकीट उघडून बरेच दिवस झाल्यासारखा.

वहिनी स्वैपाक्याला गाठतात. तीस-पस्तिशीचा गडी, डोक्याला रुमाल. इथल्या रीतीनं त्या त्याला कूया, म्हणजे दादा म्हणतात. "कूया, या बीन्समध्ये डुकराची चरबी?" तो प्रामाणिकपणे मान हलवतो, आहे म्हणून. मग थोडा विचार करून दुसरं पातेलं काढतो, अख्ख्या काळ्या दाण्यांचं, नुसतं मीठ-कांद्यात शिजवलेलं. "भात?" चिकनच्या पाण्यात. भात रद्द. टॉर्टिया, दाणे, कच्चा कांदा, कोथिंबीर, वर कालामान्सी हे इथलं छोटं लिंबू पिळलेलं, आणि वहिनींच्या पर्समधून निघालेल्या सकाळच्या मिरच्या. दिवसभराची वणवण सार्थकी लागल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय.

आमच्या पुढ्यात सिसिगचे टाको. डुकराच्या डोक्याचं मांस उकडून, भाजून, बारीक कापून कांदा-मिरचीत कुरकुरीत परतलेलं. तीता ताठ बसतात. हा त्यांच्या गावाकडचा मामला. आंखेलेस शहरात 1974 च्या सुमाराला लुसिया कुनानान या बाईंनी आजच्या तऱ्हेचं सिसिग लोकप्रिय केलं. शेजारी क्लार्कचा अमेरिकन हवाईतळ होता, तिथल्या साहेबांना डुकराची मुंडकी नको असायची, ती स्वस्तात मिळायची. आता ते मांस मेक्सिकन टॉर्टियात बसलंय आणि चोख बसलंय. माझं मत विचाराल तर मनिलाच्या टाकोत मांसाला तोड नाही. इथल्या माणसाचा डुकरावरचा हात मेक्सिकोतल्या माणसालाही कबूल करावा लागेल. टॉर्टिया मात्र पास झालीय एवढंच म्हणता येईल.

स्वैपाकी ते ऐकून रागावत नाही. पीठ परदेशातून येतं, तो सांगतो. चुन्यात शिजवून वाळवलेल्या मक्याचंच, पण पोत्यातलं. इथला पिवळा मका बहुतेक कोंबड्या-डुकरांच्या चाऱ्याला जातो.

"मग त्या सायकलवाल्याचा मका घ्या ना," वहिनी म्हणतात. "साल काढलेला, चुन्यात शिजवलेला. वाटायचा तेवढा बाकी."

तो मोठ्यांदा हसतो. करून बघितलंय, म्हणतो. बिनातोगचा मका चिकट जातीचा असतो, लागकितान. वाटला की खळ होते, प्रेसला असा चिकटतो की सुरीनं खरवडावं लागतं. सेबूकडे पांढरा कडक मका पिकतो, तिकडचे लोक त्याच्या कण्या भातासारख्या शिजवून खातात. तो मागवायचा विचार आहे, पण दळणार कशावर? दगडी जातं कुठून आणायचं? वहिनी लगेच त्याला आपल्या घरच्या ओल्या दळणाच्या ग्राइंडरबद्दल सांगायला लागतात, इडलीचं पीठ किती बारीक होतं ते हातानं दाखवतात. तो रुमाल काढून स्टूल ओढतो आणि ग्राइंडर किती किलोचा, असं विचारतो.

इकडे तीतांनी तीन टाको संपवलेत. बोटं पुसून त्या वेटरला हाक मारतात.

"भात कुठंय?"

वेटरला काहीच नवल वाटत नाही. मेन्यूच्या तळाशी तशी ओळच आहे.