अर्ध्यावर राहिलेले शिक्षण आणि प्रवेशाची तारीख

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघर दोन प्रकारचे आवाज ऐकू येतात. एका घरी पेढे वाटले जातात, तर शेजारच्या घरी ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो. वाचकहो, हा लेख त्या दुसऱ्या घरासाठी आहे. बेताच्या गुणांमुळे मागे राहिलेला मुलगा, वडिलांच्या आजारपणात दुकान सांभाळण्यासाठी शाळा सोडलेला थोरला भाऊ, बारावीनंतर लग्न होऊन सासरी आलेली आणि आता मुले शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा पुस्तक हाती घ्यावे असे वाटणारी सून: यांपैकी कोणी ना कोणी आपल्याही कुटुंबात असेल. त्यांचे शिक्षण संपलेले नाही, केवळ थांबलेले आहे. ते पुन्हा सुरू करण्याचा एक मार्ग म्हणजे समुदाय महाविद्यालय, म्हणजेच कम्युनिटी कॉलेज.

कल्पना कोठून आली?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जोलिएट नावाचे गाव आहे. १९०१ मध्ये तेथील माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी, गाव न सोडता महाविद्यालयीन शिक्षणाची पहिली दोन वर्षे पुरी करता यावीत, अशी व्यवस्था केली. पहिल्या वर्गात अवघे सहा विद्यार्थी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर रणांगणावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा या संस्थांचे महत्त्व वाढले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी महाविद्यालये ठिकठिकाणी असावीत, अशी शिफारस केली.

श्रम करणाऱ्यांनी श्रम न सोडता शिकावे, हा विचार आपल्याला मात्र परका नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतून ‘कमवा व शिका’ हा मंत्र घेऊन कित्येक खेड्यांतली मुले शिकली. भारतात समुदाय महाविद्यालय या नावाने कामाला आरंभ झाला तो १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाच्या आश्रयाने. पुढे २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने यासाठी देशव्यापी योजना आखली.

शिक्षण कसे चालते?

या योजनेचा गाभा असा की, नवी इमारत उभारण्याची वाट न पाहता चालू महाविद्यालयातच हे वर्ग भरवावेत आणि परिसरातील कारखाने, रुग्णालये, हॉटेले व कार्यालये यांच्या सहकार्याने प्रत्यक्ष कामाचे शिक्षण द्यावे. विद्यार्थी कोणत्याही शाखेतून बारावी झालेला असला तरी चालेल आणि वयाची आडकाठी नसावी, असे धोरण ठेवण्यात आले. अभ्यासात कौशल्याचा भाग मोठा. त्याच्या जोडीला भाषा, हिशेब, संगणक व व्यवहारज्ञान.

सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे शिक्षणाच्या पायऱ्या. आयोगाने ठरविल्याप्रमाणे सहा महिन्यांच्या अभ्यासाचे ३० श्रेयांक व त्यावर प्रमाणपत्र, एका वर्षाचे ६० श्रेयांक व पदविका, दोन वर्षांचे १२० श्रेयांक व प्रगत पदविका. समजा, एखाद्या मुलीने सहा महिने रुग्णसेवेचा अभ्यास केला आणि घरच्या अडचणीमुळे तिला थांबावे लागले. जुन्या पद्धतीत ती ‘नापास’ किंवा ‘अर्धवट’ ठरली असती; येथे तिच्या हाती प्रमाणपत्र राहते व पुढची पायरी चढण्याची वाट खुली राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हाच विचार सर्व उच्च शिक्षणाला लागू करण्याचे ठरविले. २०२१ मध्ये विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवून ठेवणारी ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ही निर्माण झाली. पेढीत पैसे ठेवावेत तसे मिळवलेले श्रेयांक तेथे विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात.

प्रवेशापूर्वी चार प्रश्न

महाविद्यालयात गेल्यावर संकोच न करता पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला: हा अभ्यासक्रम यंदा मान्यताप्राप्त आहे काय? गेल्या साली मान्यता होती म्हणून यंदा असेलच असे नाही. मान्यतेचे पत्र पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो; तीही नजरेखालून घालावी.

दुसरा: प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची मोहोर असेल?

तिसरा: प्रत्यक्ष काम कोठे शिकविले जाते? त्या ठिकाणी स्वतः एकदा जाऊन यावे.

चौथा: हे श्रेयांक पुढे पदवीच्या अभ्यासक्रमात धरले जातील काय? तोंडी आश्वासनावर समाधान न मानता छापील नियम मागावा.

एक नव्हे, तीन तारखा

अनुभव असा आहे की, मुले गुणांमुळे जितकी मागे राहतात, जवळजवळ तितकीच तारखेमुळे राहतात. ‘शेवटची तारीख’ म्हणून आपण एकच दिवस लक्षात ठेवतो. वस्तुतः अर्जाची तारीख वेगळी, मूळ कागदपत्रे दाखविण्याची वेगळी आणि शुल्क भरण्याची वेगळी असते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत तर या सर्वांहून निराळी. या साऱ्या तारखा घरातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येक काम चार दिवस आधी उरकावे. शेवटच्या रात्री संगणकावर अर्जांची गर्दी उसळते व मुलाचे वर्ष त्या गर्दीत अडकते.

कागदांचेही तसेच आहे. शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रिका घरात असतात. परंतु उत्पन्नाचा, जातीचा आणि अधिवासाचा दाखला सरकारी कचेरीतून आणावा लागतो व त्याला दिवस लागतात. निकालाची वाट न पाहता परीक्षा संपताच हे काम हाती घ्यावे. गुणपत्रिकेवरील नाव आणि आधारपत्रावरील नाव अक्षरशः जुळते की नाही, तेही पाहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा.

इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथे राहणाऱ्या आपल्या वाचकांना आणखी एक सूचना. एका राज्याच्या मंडळातून परीक्षा देऊन दुसऱ्या राज्यात प्रवेश घेताना बहुधा पूर्वीच्या मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र मागितले जाते. बदलीची नोकरी असलेल्या कुटुंबांनी ते गाव सोडण्यापूर्वीच मिळवावे. नंतर त्यासाठी लांबचा प्रवास घडतो.

गावात असे महाविद्यालय नसेल तर

तरीही निराश होऊ नये. १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै या सत्रांसाठी, प्रवेश देते. मराठीतून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. शाळाच अपुरी राहिली असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी-बारावी पुरी करता येते.

वाचकहो, घरातील एखाद्याने ‘मला पुन्हा शिकायचे आहे’ असे म्हटले, तर ‘आता या वयात?’ हा प्रश्न ओठांवर येऊ देऊ नका. त्याऐवजी जवळच्या महाविद्यालयात जाऊन माहितीपत्रक आणा आणि एक लखोटा घेऊन त्यात सारे कागद नीट लावून ठेवा. सुनेला अभ्यासाला बसायचे असेल, तेव्हा संध्याकाळचा स्वयंपाक घरातल्या दुसऱ्या कोणी करावा. शासन योजना आखते, महाविद्यालय वर्ग भरवते. पण अभ्यासासाठी रोजचा एक तास मोकळा करून देणे केवळ कुटुंबाच्याच हाती आहे.