अबोल्यामागचा थकवा

पनवेलहून सीएसएमटीला पोचायला हार्बर लोकल सुमारे ८० मिनिटं घेते. जाऊन-येऊन पावणेतीन तास, तेही बहुधा गर्दीत. रात्री घरी आल्यावर ‘काय झालं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ एवढंच उत्तर येतं आणि जोडीदार मनाशी ठरवून टाकतो, की आता आपल्यात रस उरला नाही. हा निष्कर्ष अनेकदा घाईचा असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेना रेपेटी यांनी १९८९ मध्ये विमान वाहतूक नियंत्रकांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. कामाचा ताण ज्या दिवशी जास्त, त्या संध्याकाळी ही मंडळी घरात अधिक अलिप्त राहत. शिणलेलं मन असं मिटून सावरतं. एखाद्या दिवशी हे हिताचंच. पण रोजचं झालं, की एक जण ‘बोल ना’ म्हणून मागे लागतो आणि दुसरा आणखी आत सरकतो. या मागणी-माघारीच्या चक्रात प्रेम असूनही दुरावा वाढतो. स्वीडनमध्ये संशोधक एरिका सँडो यांना तर दूरच्या नोकरीसाठी ये-जा करणाऱ्यांच्या संसारात विभक्त होण्याचा धोका ४० टक्क्यांनी अधिक आढळला.

थकव्याची वाटणीही सारखी नसते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात २६. लोकलमधून उतरून थेट ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला गप्प बसून सावरण्याची सवडच मिळत नाही. तिच्या चिडचिडीचं मूळ स्वभावात शोधणं अन्यायाचं आहे.

म्हणून ‘आज दमलोय, अर्ध्या तासाने बोलू’ असं स्पष्ट सांगावं आणि अर्ध्या तासाने खरंच बोलावं. भांडण तापलं, छाती धडधडू लागली, तर किमान वीस मिनिटं थांबावं, असं वैवाहिक नात्यांचे अभ्यासक जॉन गॉटमन सुचवतात. त्या अवस्थेत समोरच्याचं म्हणणं नीट समजून घेता येत नाही. अपमान किंवा मारहाण होत असेल, तर मात्र तो थकवा नव्हे. तिथे मदतच घ्यायला हवी. उदासी हटत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

बाकी घरांत पहिला उपाय कामांची वाटणी हाच. ती झाल्याशिवाय ‘एकमेकांना वेळ द्या’ हा सल्ला पोकळ आहे.