पाऊस गेला, आता वाफसा बघा

घट बसतात, तोवर परसबागेतला दोडक्याचा वेल पिवळा पडू लागतो आणि भेंडीही कमी होते. बाग आटोपली असं समजून अनेक जण वाफे तसेच सोडून देतात. खरं तर महाराष्ट्रात हिवाळी भाजीची तयारी याच दिवसांत करायची असते. त्यात नेहमी आड येणारे हे चार समज.

गैरसमज : पावसानं माती मऊ झाली आहे, लगेच खणून घ्यावं.
वस्तुस्थिती : चिखलट माती खणली की तिची ढेकळं होतात आणि ती वाळून दगडासारखी बनतात. वाफसा येऊ द्या. मुठीत दाबलेला गोळा बोटानं सहज फुटला, की माती तयार आहे. पावसाच्या पाण्याबरोबर नत्र झिरपून गेलेला असतो, म्हणून कुजलेलं शेणखत जरूर मिसळा.

गैरसमज : सगळा हिवाळी भाजीपाला एकदमच पेरावा.
वस्तुस्थिती : ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. मुळा, मेथी आधी पेरता येते. मटार आणि गाजराला गारवा लागतो, त्यांना थोडं थांबवा. लसणाच्या कुड्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावा. मेथी 10-12 दिवसांच्या अंतरानं थोडी थोडी पेरली, तर ताटात सतत ताजी भाजी येते.

गैरसमज : डब्यातले धने रुजत नाहीत.
वस्तुस्थिती : फार जुने किंवा भाजलेले नसतील, तर रुजतात. एका धन्यात दोन बिया असतात. धने हलक्या हातानं रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. शंका असेल तर आधी 10 धने ओल्या फडक्यात ठेवून पाहा.

गैरसमज : आंबा आता छाटला आणि भरपूर पाणी दिलं, की मोहर चांगला येतो.
वस्तुस्थिती : मोहर पक्व काडीच्या शेंड्यावर येतो. आता शेंडे छाटले, तर येणारा मोहरच हातचा जातो. छाटणी फळं उतरवल्यानंतरची. आता फक्त वाळकी, रोगट फांदी काढा. फळणाऱ्या मोठ्या झाडाला या दिवसांत भरपूर पाणी आणि नत्र दिलं, तर मोहराऐवजी पालवी फुटू शकते. लहान कलमांना मात्र पाणी हवंच. त्यांच्या आळ्यात पालापाचोळा पसरा, ओल टिकते. तो जाळून टाकू नका.

बागेत उतरण्याआधी मूठभर माती हातात घ्या. खणायचं की थांबायचं, याचं उत्तर तिथेच मिळतं.