यंत्राच्या पुस्तिकेचे मुद्रितशोधन

मुद्रितशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऱ्हस्वदीर्घ सुधारणारा, अनुस्वार टिपणारा, समासात खुणा करणारा गृहस्थ उभा राहतो. कथाकादंबऱ्यांना तो पुरेसा आहे. कादंबरीत 'नदी'ची 'नदि' झाली तर वाचकाच्या कपाळाला आठी पडते, पण नायक काही त्या चुकीपायी बुडत नाही. यंत्र कसे चालवावे हे सांगणाऱ्या पुस्तिकेचे तसे नाही. तिच्यातले वाक्य वाचून माणूस हात हलवतो. वाक्य शुद्ध आणि सूचना उलटी, असे झाले तर ती शुद्धता काय चाटावयाची आहे?

ऑडॅसिटी नावाची संगणकावर आवाज मुद्रित करण्याची व त्याची काटछाट करण्याची एक प्रणाली आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये ती लिहावयास घेतली आणि मे २००० मध्ये लोकांपुढे ठेवली. ती फुकट मिळते, आणि तिची इंग्रजी पुस्तिकाही मूळ कर्त्यांचा निर्देश करून कोणालाही भाषांतरित करता येते. कॅसेटवरचा आवाज संगणकावर कसा उतरवावा यावर त्या पुस्तिकेत स्वतंत्र पाठ आहे. आम्हांला नेमके तेच हवे होते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणीसंपाच्या काळातील द्वारसभांची भाषणे जुन्या कामगारांच्या घरी कॅसेटींवर पडून होती. काही तरुण मंडळींनी त्या पाठांचे मराठी केले आणि तपासण्याचे काम माझ्याकडे आले. माझे शालेय शिक्षण बेताचे. पण करार वाचताना एकेक शब्द चिमटीत धरून पाहण्याची सवय युनियनच्या कामात लागते, ती येथे उपयोगी पडली.

पहिला धडा 'ट्रिम' या आज्ञेने दिला. भाषांतरकाराने लिहिले होते : "नको असलेला भाग निवडावा व कातरावा." मराठी सुरेख आहे. नख कातरतो तेव्हा कातरलेले जाते आणि उरलेले राहते, हे लहान मुलालाही ठाऊक. परंतु ऑडॅसिटीत ही आज्ञा बरोबर उलट चालते. निवडलेला भाग राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे जाते. म्हणजे दोन मिनिटांचा खोकला निवडून कातरावयास गेलेल्या माणसाच्या हाती दोन मिनिटांचा खोकलाच उरतो आणि भाषण नाहीसे होते! केवळ भाषा जाणणारा शोधक या वाक्यावर खूण करणार नाही, आणि केवळ यंत्र जाणणाराही करणार नाही, कारण त्याला आज्ञा पाठ असते, तो वाक्य वाचतच नाही. ही चूक यंत्रापुढे बसून, वाक्याबरहुकूम बोट चालवल्यावरच सापडते. आम्ही तेथे लिहिले : "ठेवावयाचा भाग निवडा. ट्रिम दाबा. बाकीचा भाग निघून जाईल."

शब्दांच्या बाबतीत कोशातून काढलेले अर्थ फार घात करतात. आवाजाच्या 'गेन'ला एकाने 'लाभ' म्हटले होते. कामगाराच्या हातात "लाभ वाढवा" असे छापून द्यावयाचे म्हणजे थट्टाच की! 'एक्स्पोर्ट'ला 'निर्यात' केले होते. निर्यात कापसाची होते, कांद्याची होते. मला असे वाटते की, अशा वेळी मंडपात ध्वनिक्षेपक लावणाऱ्याकडे जावे. आवाज मर्यादेबाहेर गेला की तो "आवाज फाटला" म्हणतो. याहून चांगला शब्द कोणती समिती देणार? मात्र बटणावर जे नाव दिसते ते पुस्तिकेत जसेच्या तसे द्यावे, मग ते आवडो वा न आवडो. पडद्यावर 'एक्स्पोर्ट' आणि कागदावर दुसराच शब्द, तर वाचक पडदाभर शोधत बसतो. नाव पडद्याचे, समजूत मराठीची, एवढा नियम आम्ही पाळला.

प्रणालीच्या पडद्याचेच मराठी करावयाचे तर आणखी एक अडचण येते, ती आपल्या व्याकरणाची. मूळ वाक्यात रिकामी जागा असते व यंत्र तेथे नाव भरते. आपल्याकडे विभक्ती लागताना शब्द बदलतो : 'गाणे' पण 'गाण्याला'. यंत्राला सामान्यरूप कोठून कळणार? ते सरळ 'गाणेला' करते. म्हणून रिकाम्या जागेला प्रत्यय चिकटवू नये; "गाणे : काढून टाकले" अशी मांडणी करावी.

आकड्यांकडे शोधकाचे लक्ष कमी असते, आणि येथे तर आकडाच सर्व काही. संगणकी मुद्रणात शून्य डेसिबेल हे छत आहे. त्याखालचे सारे उणे. सर्वांत मोठा आवाज साधारण उणे ६ डेसिबेलपर्यंत जावा, म्हणजे छताच्या निम्म्या उंचीवर, असे पुस्तिका सुचवते. आमच्या मुद्रितात उणेची आडवी रेघ ओळीच्या शेवटी राहिली होती आणि ६ पुढच्या ओळीवर. पुढच्या जुळणीत ती रेघ जोडरेघ समजून पुसली गेली. आता वाचक काय करील? काटा वर, आणखी वर नेत राहील, घोषणा आली की लहरीचे माथे छताला लागून सपाट होईल, आणि मागाहून आवाज कितीही लहान केला तरी गेलेले माथे परत येत नाही. आम्ही सर्वत्र 'उणे' हा शब्द अक्षरांत घातला. दुसरी गोष्ट अशी की, आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि पडद्यावर आकडे इंग्रजी असतात. जेथे आकडा टंकावयाचा आहे तेथे तो अक्षरांतही द्यावा हे बरे.

हिशेबही करून पाहावा. एका ठिकाणी मिनिटाला १ मेगाबाइट जागा लागते असे आले होते. सीडीच्या दर्जाचे मुद्रण म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक २ बाइटांचा, दोन वाहिन्या. त्याला ६० ने गुणले की १,०५,८४,००० बाइट होतात, म्हणजे मिनिटाला सुमारे साडेदहा मेगाबाइट. शून्य गळाले होते. साठ मिनिटांच्या कॅसेटला सव्वासहाशेहून अधिक मेगाबाइट लागतात. साठांवर भागेल असे समजून बसलेल्याची जागा मध्येच संपते.

भाषा 'सुधारणे' हाही एक धोका आहे. ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्त्यांत प्रकल्पाची फाईल लहानशी असे आणि खरा आवाज शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असे. दोन्ही बरोबर न्या, ही सूचना मूळ पुस्तिकेत वारंवार होती. त्या काळच्या एका मराठी टिपणातून ती पुनरुक्ती म्हणून गाळण्यात आली. आमच्या एका कार्यकर्त्याने ते टिपण वाचून फक्त फाईल पेनड्राइव्हवर घेतली, व संगणक ज्याचा त्याला परत दिला. तेथे फोल्डर पुसले गेले. फाईल उघडली तेव्हा तीत आवाज नव्हता. कॅसेट पुन्हा लावली तर फीत तुटली. बोलणारा माणूस त्याआधीच वारला होता. त्याच्या मुलीला काय सांगावे हे कोणालाच सुचेना. मार्च २०२१ मधील ३.० या आवृत्तीने सारे एकाच फाईलमध्ये आणले. आता जुनी टिपणे वाचणारे लोक त्या नसलेल्या फोल्डरचा शोध घेत बसतात.

गोंगाट कमी करण्याच्या पाठात वाक्यरचनेनेच घोटाळा केला. मराठीला 'ऊन'ची माळ फार प्रिय : "गोंगाट निवडून, त्याची ओळख यंत्राला करून देऊन, तो कमी करावा." वाचकाने तसेच केले आणि ज्या चार सेकंदांत कोणी बोलत नव्हते तेवढेच स्वच्छ झाले! मध्ये संपूर्ण भाषण पुन्हा निवडावयाचे असते, ती पायरी माळेत हरवली. आम्ही माळ तोडली. एका क्रियापदाला एक वाक्य दिले.

छापखान्यात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावयाची व दुसऱ्याने मुद्रित पाहावयाचे, अशी जुनी रीत आहे. आम्ही तिसरा माणूस बसवला, ज्याने ही प्रणाली कधी पाहिलेली नाही. त्याने मराठी पुस्तिका वाचून यंत्र चालवावयाचे आणि आम्ही दोघांनी तोंड बंद ठेवून पाहावयाचे. तोंड बंद ठेवणे हेच सर्वांत कठीण. तो जेथे थांबला, त्याने जेथे मान वर करून आमच्याकडे पाहिले, तेथे समासात खूण. आणि मुखपृष्ठावर प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीवरून पुस्तिका तपासली तो क्रमांक आणि तारीख छापून घेतली. नवी आवृत्ती आली की पहिल्या पानापासून पुन्हा बसावयाचे.