टाकीला कान लावून

पहाटे ३:३०. उरणजवळच्या टँक फार्मच्या गेटवर मोबाइल जमा केला, परमिटवर सही केली. आजची टाकी डिझेलची, ४० मीटर व्यासाची. काल दुपारपासून आवक-जावक बंद करून ती पडून आहे. तळाचा आवाज ऐकायचा तर आधी किमान बारा तास टाकी निवांत लागते. किंचित गळणारा व्हॉल्व्हसुद्धा सगळं बिघडवतो.

४:००. सेन्सर काल संध्याकाळीच बसवलेत. जमिनीपासून मीटरभर उंचीवर, आतल्या गाळाच्या वर, परिघावर बारा. प्रत्येकाखालचा रंग हाताने खरवडला, ग्रीसचा पातळ थर दिला, वर चुंबकाची पकड. आता परीक्षा. पेन्सिलचं बारीक शिसं पत्र्यावर टेकवून मोडायचं. कट्. पाहणाऱ्याला पोरखेळ वाटतो, पण जगभर या कामात सेन्सर याच आवाजावर तपासतात. सात नंबर क्षीण ऐकतोय. काढला, ग्रीसमध्ये हवा राहिली होती. पुसून पुन्हा बसवला, पुन्हा शिसं मोडलं. आता बरोबर.

४:४०. ऐकायला सुरुवात. तळाचा पत्रा गंजतो तेव्हा गंजाचे पापुद्रे फुगतात, तडकतात, सुटतात. ती बारीक तडतड माणसाच्या कानाला कळत नाही, पण डिझेलमधून सेकंदाला सुमारे १३०० मीटर वेगाने भिंतीपर्यंत येते. कोणत्या सेन्सरने आधी ऐकलं, बाकीच्यांनी किती मिलिसेकंदांनी, यावरून तळावरची जागा निघते.

या वेळचा खरा त्रास दवाचा. गारव्याने छपराला आतून पाणी सुटतं आणि थेंब डिझेलवर पडत राहतात. म्हणून वरच्या अंगाला आणखी तीन सेन्सर लावलेत. जो आवाज त्यांना आधी पोचला तो वरून आला, तो वगळायचा.

५:१०. स्क्रीन एकदम भरून गेला. शेजारच्या टाकीचा पंप.

“मॅडम, जेटीवर जहाज लागलंय. पंप कसा थांबवणार?”

“मग मोजणी थांबवू, काका. पंपाच्या आवाजातल्या आकड्यांवर मी सही करणार नाही.”

काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग कंट्रोल रूमशी बोलले. एक तास मिळाला.

६:४५. मोजणी पूर्ण. ऊन पडलं की पत्रा तापून स्वतःच कुरकुरतो, त्यामुळे हा तास हुकला असता तर आजचा दिवस गेला असता.

१०:००. विश्लेषण. आग्नेयेला, भिंतीलगत, ठिपक्यांचा दाट पुंजका. ए ते ई या श्रेणींत तळ डीमध्ये बसतो. पत्रा किती मिलिमीटर उरलाय हे मात्र यातून कळत नाही. ते टाकी उघडून अल्ट्रासॉनिकने मोजायचं. आधी कोणती टाकी उघडायची, एवढंच ही चाचणी सांगते, आणि मला तेवढंच फार मोलाचं वाटतं. टाकी उघडायची म्हणजे ती रिकामी करायची, वायू काढायचा आणि मग मॅनहोलमधून माणसं आत उतरवायची, गाळ उपसायला. तळ चांगला असताना त्यांना आत का पाठवायचं?

दुपारी १:००. गेटबाहेर फोन. पुढच्या आठवड्यात एका कारखान्यातल्या गॅसच्या बुलेटची, म्हणजे आडव्या दाबटाकीची, दाब वाढवत ऐकायची चाचणी आहे. ते म्हणतात, “प्रेशर नेहमीचंच असतं.” मला लॉगबुकची पानं हवीत. योसेफ कायझर यांनी म्युनिकमधल्या १९५० सालच्या प्रबंधात दाखवलं होतं की, धातूने एकदा जो ताण सोसला, तो पुन्हा ओलांडेपर्यंत तो बहुतेक गप्प राहतो. गेल्या काही महिन्यांतला सर्वांत जास्त दाब मला ठाऊक नसेल आणि मी त्याच्या खालीच थांबले, तर भेग असूनही बुलेट काही बोलणार नाही आणि आम्ही तिला निर्दोष ठरवू.

४:००. मॅनेजर विचारतात, “तळ सेफ आहे ना?”

“आज जिथे गंज चालू आहे, तिथला आवाज आला, सर. जुना, थांबलेला खड्डा आवाज करत नाही. पण आग्नेयेचा कोपरा फार वाट पाहू शकत नाही.”

त्यांनी शटडाउनची यादी काढली. ही टाकी पहिल्या नंबरवर घेतली. बी श्रेणीची एक पुढे ढकलली.

५:३०. केबली गुंडाळल्या. आता खरवडलेल्या पंधरा जागांवर प्रायमर. खाऱ्या हवेत उघडा पत्रा लगेच गंज धरतो. काका दुसरा ब्रश घेऊन पलीकडून सुरू झाले.