माउस हलवला की नंबर बदलतो!

आजचा भाग माझ्याच एका चुकीवर आहे. कानात हेडफोन असतील तर कोड डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करा, अवघड नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका हॉस्पिटलच्या ओपीडीसाठी टोकन दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. लिनक्स, सी आणि एक्सलिब. काउंटरवरून नेटवर्कवर नंबर येणार, मी तो स्क्रीनवर काढणार, बस्स. माझ्या लॅपटॉपवर एकदम झकास चाललं. तिकडे मात्र स्क्रीन १६ वर अडकली. १७ नंबरच्या आजी समोर बसून वाट बघत होत्या. थोड्या वेळाने कुणाचा तरी माउसला धक्का लागला आणि थेट १८ आला! १७ कधी दिसलाच नाही. आजींना वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं.

मग झालं काय होतं?

एक्स विंडो सिस्टिमची ११ वी आवृत्ती १९८७ ची. यात तुमचा प्रोग्रॅम स्वतः स्क्रीनवर काही काढत नाही. तो एक्स सर्व्हरला विनंती पाठवतो. प्रत्येक विनंती वेगळी पाठवणं महागात पडतं, म्हणून एक्सलिब त्या आउटपुट बफरमध्ये साठवते. आपल्याकडची वडापची जीप आठवा. गाडी भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. माझा १७ नंबर त्या जीपमध्ये बसून होता!

जीप सुटते कधी? बफर भरला की, किंवा तुम्ही एक्स-फ्लश बोलावलं की. एक्स-पेंडिंग आणि एक्स-नेक्स्ट-इव्हेंट हेसुद्धा, रांगेत इव्हेंट नसेल तर, आधी बफर रिकामा करतात. माझा लूप 'पोल'वर झोपायचा, नेटवर्कवरून नंबर आला की उठायचा, चित्र काढायचा आणि परत झोपायचा. फ्लश कुठेच नाही. कर्सर लपवायला मी माउसच्या हालचालीचे इव्हेंट मागितले होते. माउस हलला की एक्स-पेंडिंग चालायचं आणि जीप सुटायची. लॅपटॉपवर टेस्ट करताना माझा हात सतत माउसवर, म्हणून बग दिसलाच नाही.

मी घाईत प्रत्येक नंबरनंतर एक्स-सिंक टाकलं. नंबर लगेच दिसायला लागले. पण आता 'पुन्हा बोलवा' हे बटण कधीकधी दाबून काहीच होईना!

हे कारण जास्त मजेशीर आहे. एक्स-सिंक म्हणजे "जा, आणि पोहोचलास की कळव, तोपर्यंत मी इथेच थांबतो." त्या उत्तराची वाट बघताना सर्व्हरकडून दुसरं जे काही येईल, तेही एक्सलिब वाचून घेते आणि आपल्या इव्हेंट रांगेत ठेवते. बटण नेमकं त्याच क्षणी दाबलं गेलं, तर तो इव्हेंट सॉकेटमधून निघून रांगेत आलेला असतो. 'पोल' मात्र सॉकेटकडे बघत बसतं. पत्र घरात येऊन पडलंय आणि आपण फाटकावर पोस्टमनची वाट बघतोय!

उपाय एका ओळीचा: झोपण्याआधी दर वेळी, एक्स-पेंडिंग शून्य देईपर्यंत इव्हेंट काढून हाताळा. रांगही रिकामी होते आणि बफरही सुटतो. एक्स-सिंक मी काढून टाकलं. दर वेळी सर्व्हरच्या उत्तरासाठी ताटकळणं वेग मारतं. एरर नेमकी कुठल्या विनंतीमुळे आली हे शोधताना मात्र ते कामाचं, कारण एक्सच्या एरर उशिरा येतात.

वेलँडवर काम करत असाल तरी सुटका नाही. तिथेही क्लायंट लायब्ररीत बफर आहे, रांग आहे आणि झोपण्याआधी फ्लश तुम्हालाच करायचा आहे.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: टेस्ट करताना दोन मिनिटं हात मांडीवर. माउसला शिवायचं नाही. स्क्रीनसमोर बसलेल्या आजीही माउस हलवत नाहीत ना!

तुमचा असा 'हात लावला की चालतो' बग असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!